अठी

१

रविवारची आमची कामं वाटून घेतलेली होती. मी दुर्बीण घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहायचो आणि माझी बायको निता तुरीत शिरायची.

कारण सांगितलं की लोक हसतात. हसू देत. हिवाळ्यात आमच्या वाशीम जिल्ह्यात दोन मातकट पाहुणे येतात, पायमोज वटवट्या आणि साइक्सचा वटवट्या. दोघंही चिमणीहून लहान, दोघंही वाळक्या पानाच्या रंगाचे, दोघंही झाडोऱ्यातून बाहेर यायचं नाव घेत नाहीत. एकाची चोच किंचित लांब, दुसऱ्याची किंचित आखूड. शेपटीचंही तेच. सगळा मामला किंचितचा. मग उरतो आवाज. दोघंही 'चक्' असंच म्हणतात, पण ऐकून ऐकून कान तयार झाला की त्या दोन चक्‌मधलं काहीतरी सलायला लागतं. मी धम्मरत्न, मालेगावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, आणि गेले कित्येक हिवाळे त्या सलण्याच्या मागे लागलेला आहे. आम्हा पक्षी पाहणाऱ्यांचा एक नियम आहे. खात्री नसेल तर नाव द्यायचं नाही. आणखी एक खूण मिळेपर्यंत थांबायचं.

"सारख्याच हायेत तं एकच नाव ठेवा ना जी," निता म्हणायची. "कायले डोक्शाले ताप करून घेता?"

म्हणायची, पण यायची. मेडशीजवळ शेषराव म्हणून ओळखीचे शेतकरी आहेत, त्यांच्या वावराला बाभळीचं कुंपण आणि आत पुरुषभर उंच तूर. निता पलीकडच्या टोकाने आत शिरायची आणि सरीतून हळूहळू माझ्याकडे यायची. पक्षी तिच्यापुढे सरकत सरकत माझ्या बाजूला यायचा. आत गेली की ती दिसायची नाही, म्हणून मी मधूनमधून हाक मारायचो, "निताऽ", आणि ती ओ द्यायची, "अठीऽ".

अठी म्हणजे इथे. माझी आई असं बोलते आणि निता असं बोलायची. शाळेत पुस्तकी बोलून बोलून माझ्या जिभेवरून ते कधीच उतरलं होतं. तिच्या तोंडून ऐकलं की मला घरी आल्यासारखं वाटायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी वाटायचं.

डिसेंबर संपत आला होता. ऊन चांगलं वर आलेलं. आतून 'चक्' ऐकू येऊ लागलं तसा मी मोबाईल आवाज टिपायला लावून धुऱ्यावर ठेवला. हाक मारली. "अठीऽ". थोड्या वेळाने पुन्हा मारली. "अठीऽ जी", जरा जवळून. मग पक्षी दिसला, फांदीच्या आडोशाला, तोंड नेमकं माझ्याकडे करून. समोरून पाहिल्यावर चोचीची लांबी कशी कळणार? मी दुर्बिणीला चिकटून राहिलो. बराच वेळ गेला असावा. आत काही वाजत नव्हतं, पानसुद्धा नाही. भानावर येऊन मी हाक मारली.

"निताऽ"

"इथे."

आणि ती माझ्या पुढ्यातल्या सरीतून बाहेर आली. केसांत तुरीचा पाला, कपाळावर घाम. "दिसला का?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही ना, तोंड समोर करून बसला होता.

२

संध्याकाळी चहा घेऊन मी टिपलेला आवाज ऐकत बसलो. मला एक तरी 'चक्' हवं होतं.

ते मिळालं, पण अगदी पुसट. त्याच्यानंतर माझी हाक, तिचं "अठीऽ", पुन्हा हाक, "अठीऽ जी". मग लांबलचक शांतता. मग "इथे". मग तिचं "दिसला का?" आणि माझं रडगाणं. मी बोलतो आहे, आणि माझ्या बोलण्याच्या खालून, खूप लांबून, एक आवाज येतो आहे.

"अठीऽ"

मी पुन्हा लावलं. तेच. कानात इअरफोनची बोंडं घालून लावलं. तेच. हा आवाज येतो तेव्हा निता माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

माणसाचं डोकं अशा वेळी फार कामाला येतं. मोबाईल स्वस्तातला आहे, आवाज मागेपुढे झाला असेल. शेजारच्या वावरात कुणी बाई दुसऱ्या कुणाला ओ देत असेल, 'अठी' म्हणणारी निता काही एकटी नाही. मी स्वतःला इतकं नीट पटवलं की चहा संपवून दुसरा मागावा असं वाटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. ती आईला म्हणत होती, "आई, मला जरा ती परात देता का?"

भांड्यांचा आवाज थांबला. आईही थांबली असणार. निता कधी 'मला' म्हणायची नाही. ती 'मले' म्हणायची.

३

याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. जानेवारीत वाशीमच्या एका शाळेत तिची मुलाखत होती, शिक्षिकेच्या जागेसाठी. मीच चेष्टा करायचो, तिथं 'मले नोकरी द्या' म्हणू नको बरं. म्हणजे ती सराव करत होती. एवढं सोपं.

आई तर खूश झाली. "आता कसी बोलून राह्यली पोरगी," ती मला म्हणाली. "मास्तरीन शोभते."

"आई, तुला काही वेगळं वाटत नाही?"

"काय वेगळं? भाकर तसीच करते, भांडन तं मुळीच करत नाई. तुले काहून तरास होऊन राह्यला?"

खरंच, मला का त्रास होत होता? मी चोरासारखा तिला न्याहाळू लागलो. हनुवटीवरची खूण जागच्या जागी. डाव्या मनगटावर तव्याचा जुना डाग. चहा बशीत ओतून पिणं, दार लावताना पायाने ढकलणं, झोपताना उशी दुमडून घेणं. सगळं तेच. एकेक खूण मी मनात पक्षी तपासावा तशी तपासत होतो आणि प्रत्येक खूण जुळली की मला स्वतःची लाज वाटत होती. चांगली बायको आहे, सुधारून बोलते आहे, आणि हा गृहस्थ तिची चोच मोजतो आहे.

पण मी हाका मारून पाहतच होतो. "निता?" मी पुढच्या खोलीतून म्हणायचो. मागच्या खोलीतून यायचं, "इथे."

एकदा मी धीर करून म्हटलं, "तू पूर्वी अठी म्हणायचीस."

ती हसली. अगदी नितासारखी, एक भुवई वर करून. "असं कोण बोलतं?" ती म्हणाली.

४

गुरुवारी शाळेतून अर्धी रजा काढून मी एकटाच मेडशीला गेलो. काय शोधायला, ते स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. पिशवीत दुर्बीण होती, म्हणजे कुणी विचारलं तर उत्तर होतं.

शेषराव बांधावरच भेटले. "राम राम सर. आज एकलेच? वयनी कुठी हायेत?"

"घरी आहे."

"मंग काल आल्ती काय? तुरीतून आवाज येत होता. अठी, अठी. मी म्हनलं सर बी असतीन संगं, कायले मधात पडा." त्यांनी पानाची पिंक टाकली. "पाह्यचं असन थे पाखरू तं पाहून घ्या. शनवारी तूर सोंगाले बाया सांगतल्या. सारी कापून मोकळं करतो वावर."

ते गेले. दुपार होती, वारा पडलेला. वाळत आलेल्या शेंगा उन्हाने मधूनच तडकत होत्या. मी त्याच जागी उभा राहिलो आणि हाक मारली. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही इतका हळू.

"अठीऽ"

वावराच्या मधून. तिचाच आवाज. गेल्या चार दिवसांत ज्याच्यासाठी मी आतल्या आत झुरत होतो तो आवाज.

मी तुरीत घुसलो. फांद्या तोंडावर बसत होत्या. "निता! कुठं आहेस?" "अठीऽ". मी तिकडे वळलो. आता आवाज उजवीकडून. उजवीकडे गेलो तर मागून. जितका जवळ जावं तितकाच तो सरकत होता, आणि अंतर तेवढंच राहत होतं. या पक्ष्यांच्या मागे असा मी शेकडो वेळा धावलो आहे. धावून कधीच काही मिळत नाही. मी दमून सरीत उकिडवा बसलो आणि तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, कारण डोकं पुन्हा कामाला लागलं होतं. त्याने विचारलं, ही जर फक्त एकच शब्द बोलते, तर ही निता कशावरून? घरात आहे ती चुलीपुढे बसते, हसते, चिडते, माझ्या आईच्या पायाला तेल लावते. तिचा एक शब्द चुकतो. हिच्याजवळ एक शब्दच आहे. यांतली चुकीची कोण?

"निता," मी म्हटलं, "दुसरं काहीतरी बोल. काहीही बोल."

मी कान देऊन बसलो. मग अगदी खालून, कोरड पडलेल्या घशातून यावं तसं आलं, "पानी."

मला रडू फुटलं. मी पिशवीतली बाटली काढून सरीत ठेवली आणि धुऱ्यावर येऊन पाठ करून उभा राहिलो, लाजऱ्या पाखरासमोर राहतो तसा. मग आत जाऊन पाहिलं. बाटली रिकामी आडवी पडली होती. झाकण नीट फिरवून लावलेलं होतं.

ठाण्यात जाऊन मी काय सांगणार होतो? साहेब, माझी बायको हरवली आहे, आणि ती घरी भाकरी थापते आहे? मी दिवस कलेपर्यंत हाका मारल्या. ओ येत राहिली आणि ती बाहेर आली नाही. शेवटी मी तिला तिथेच ठेवून घरी आलो. तिला म्हणजे कुणाला, हे मला ठाऊक नव्हतं.

घरी आलो तर आई अंगणात गहू निवडत मोठ्याने म्हणत होती, "सूप अठी ठेवलं होतं मी, कोनं नेलं व?" आणि दाराच्या आत निता भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसता आकार. आईच्या शब्दामागून एकेक आकार. मला पाहून तिने ओठ मिटले.

"शनिवारी मीही येते," ती म्हणाली.

शनिवारचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

५

शेषरावांना मी फोन करून विनवलं. आठवडाभर थांबा, निदान एक पट्टा उभा ठेवा.

"पाखरासाठी?" ते हसले. "सर, मजूर भेटत नाईत. आज बाया हो म्हनते, उद्या दुसऱ्याच्या वावरात. शेंगा फुटून दाने खाली पडून राह्यले. तुमीच सांगा."

खरं कारण सांगण्याजोगं नव्हतं; मी फोन ठेवला.

शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा अर्धं वावर मोकळं झालं होतं. बाया ओळीने विळे चालवत पुढे सरकत होत्या, मागे पेंढ्या पडत होत्या. निता गाडीवरून उतरून माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली.

चारही बाजूंनी कापत कापत तूर मधे गोळा होत गेली. आधी मोठ्या खळ्याएवढी, मग अंगणाएवढी. लपायला जागा उरेना तसे एकेक मातकट पक्षी बाहेर पडू लागले. किती तरी होते. माझ्या नाकासमोरून उडून बाभळीत जात होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मी हाक मारली. "निताऽ"

"अठीऽ". उरलेल्या तुरीतून.

"अठी जी." माझ्या डाव्या खांद्याजवळून.

एकाच वेळी आले दोन्ही. तीच पट्टी, तोच 'ठी' वरचा हेलकावा. मी मान वळवली. निता माझ्याकडे पाहत होती. एक भुवई वर, डोळ्यांत पाणी.

बाया खदखदून हसल्या. त्यांना एकच आवाज ऐकू आला असणार. "सर, बाई तं बाजूले उभी हाये, हाका कोनाले मारून राह्यले?"

तूर आता एका खोलीएवढी उरली होती. चार पावलं धावलो असतो तर मी तिच्यात असतो. मी पाय उचलला आणि निताने माझं मनगट धरलं. हात गरम होता, तव्याचा डाग माझ्या कातड्याला लागत होता.

"नोका जाऊ जी," ती म्हणाली. "मले भेव लागते."

मले. इतक्या दिवसांनी. हीच आहे, मला वाटलं, हीच होती, मी मूर्ख आहे. आणि त्याच क्षणी समोरून, विळ्यांच्या आवाजातून, तोच शब्द तशाच रडव्या सुरात आला, "मले..." आणि पुढचं ऐकू आलं नाही.

मला आणखी एक खूण हवी होती. बस, एक. हिच्यात किंवा तिच्यात, कुठलीही. मी थांबलो. मला दुसरं काही येतच नाही. मी तिथे उभा राहून कान देत राहिलो, खात्रीची वाट पाहत राहिलो, आणि तोवर विळे चालू होते.

अगदी शेवटी काही झाडं उभी होती तेव्हा मला दिसलं. दोन खोडांच्या मधे, जमिनीपासून हातभर वर, एक पंजा. बोटं खोडाला घट्ट आवळलेली, नखांत माती. निताच्या असतात तशा हिरव्या बांगड्या मनगटावर खाली घसरलेल्या. मग कापणारी बाई मधे आली, वाकली, आणि बाजूला झाली तेव्हा खोडं आडवी पडली होती.

मी ओरडलो असेन. शेषराव धावत आले. सगळे मिळून गेलो. तिथे काहीच नव्हतं. पाला बाजूला सारून बसल्याने गुळगुळीत झालेली थोडी जमीन, आणि ती अजून कोमट.

"रानडुक्कर बसलं असन," शेषराव म्हणाले. "लय झालेत यंदा." बाया पेंढ्या बांधायला लागल्या.

६

मी त्या जागेवर हात ठेवून बसून राहिलो. जमीन हळूहळू गार झाली. मग मला उठावं लागलं, कारण बायांना तिथून पेंढ्या उचलायच्या होत्या.

निता धुऱ्यावरून हलली नव्हती. तिने माझ्या गुडघ्यांची माती झटकली, पिशवी माझ्या खांद्यावरून काढून आपल्या खांद्याला लावली आणि पुढे चालू लागली. मी तिच्या मागोमाग गेलो. मला पळून जाता आलं असतं. पण जाणार कुठे? घर एकच आहे, आणि तिथे आई आम्हा दोघांची जेवायला वाट पाहत होती.

मी गाडी सुरू केली. ती मागे बसली, उजवा हात माझ्या खांद्यावर, पूर्वीपासून ठेवते तसाच. वावराकडे मी पाहिलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ती चार पावलं. आता कुठलीही खूण मिळाली, उद्या मिळाली, दहा वर्षांनी मिळाली, तरी तिचा काही उपयोग नव्हता.

तरीही राहवलं नाही. आरशात न बघता मी म्हटलं, "निता?"

ती अठी म्हणाली नाही आणि इथेही म्हणाली नाही. पुढे सरकून तिने हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवली आणि स्वच्छ, हळू आवाजात, लहान मुलाची समजूत काढावी तशी म्हणाली, "आता हाक मारायची गरज नाही."

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि मालेगावच्या रस्त्याला लागलो.